सोयरीक जमवण्यापूर्वी रक्त तपासा : सिकलसेलची ओळख



कपाशीची वेचणी जोरात चालू आहे, हवेत गारवा आला आहे, आणि घरातला आठ-नऊ वर्षांचा मुलगा हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडतो आहे. डोळे पिवळसर, चेहरा पांढराफटक. चार दिवसांनी बरा होतो, शाळेत जायला लागतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. कुणी वात म्हणते, कुणी कावीळ म्हणते, कुणी अंगारा लावायला सांगते. शेवटी सगळा राग सुनेवर निघतो. "हिच्या माहेरचं दुखणं हिनं या घरात आणलं!"

आपल्या वर्धा जिल्ह्यात आणि साऱ्या विदर्भात अशी घरे आहेत. पुष्कळदा या दुखण्याचे खरे नाव सिकलसेल असते. ते बाहेरची बाधा नाही, देवीचा कोप नाही. ते कुणा एकट्या आईने आणलेलेही नाही. ते कसे होते हे शास्त्रज्ञांनी मुळापर्यंत जाऊन शोधले आहे. ते समजून घेतले, तर तुमच्या घरातले पुढचे मूल यातून वाचू शकते.

एक मणी चुकला

रक्ताच्या एका थेंबात लक्षावधी तांबड्या पेशी असतात. त्यांचा आकार मधोमध दाबलेल्या पेढ्यासारखा असतो आणि त्या मऊ असतात. त्यांच्या आतले हिमोग्लोबिन अंगभर प्राणवायू पोचवते. सिकलसेलच्या रोग्यात प्राणवायू देऊन झाल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, त्याच्या ताठ काड्या बनतात आणि पेशी वाकून विळ्यासारखी होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. पाटात तुराट्या आडव्या पडल्या की पाणी तुंबते आणि पुढचे वाफे कोरडे राहतात. तसेच बारीक रक्तवाहिन्यांत या पेशी अडकतात. पुढे रक्त पोचत नाही आणि असह्य वेदना होतात. शिवाय चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे होतात.

१९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी अशा विळ्यासारख्या पेशींचे वर्णन प्रथम छापले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५६ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इनग्राम यांनी नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनची एक साखळी म्हणजे १४६ मण्यांची माळ समजा. त्यातला सहावा मणी तेवढा बदललेला, बाकी १४५ अगदी बरोबर! माळ कशी ओवायची याचा हुकूम जीनमध्ये लिहिलेला असतो, आणि त्या हुकुमात एकच अक्षर चुकलेले असते. जीन हा शब्द बीटी कपाशीमुळे तुमच्या कानावरून गेला असेलच.

भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत प्रथम आढळला. पुढे मध्य भारत आणि विदर्भातही तो सापडला. ज्याच्यात अर्धाच दोष असतो, त्याला हिवतापाचा जोर कमी बाधतो. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथे हा दोष टिकून राहिला. काही समाजांत तो जास्त दिसतो, पण त्यात जातीचा कमीपणा काहीच नाही.

दोघांकडून येतो

प्रत्येक मुलाला या जीनच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत चुकीची असेल तर तो माणूस वाहक असतो. तो नांगर धरतो, वखर हाकतो, धडधाकट असतो, आणि त्याला स्वतःला काही कळतही नाही. दोन्ही प्रती चुकीच्या आल्या तर मूल आजारी होते. म्हणजे नुसत्या आईकडून हा आजार येतच नाही. तेव्हा सुनेला बोल लावणाऱ्यांनी आपल्या मुलाचेही रक्त तपासून पाहावे.

नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची, दोन वाहकाच्या आणि एक अगदी निर्दोष मुलाची. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन नक्की चांगली होतील, असा हिशेब करू नका. प्रत्येक वेळी डाव नव्याने पडतो. दोघांपैकी एकच वाहक आणि दुसऱ्याचे रक्त निर्दोष असेल, तर मुलांना आजार होत नाही. मात्र दुसऱ्यात थॅलेसेमियासारखा दोष नाही ना, हेही तपासणीत पाहून घ्यावे.

औषधाची मजल कुठवर आली?

आईच्या पोटात बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. ते चिकटत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणे जवळजवळ बंद करते, म्हणूनच आजाराची लक्षणे पहिले काही महिने दिसत नाहीत. हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी हे बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. त्यामुळे दुखण्याचे झटके कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायची असते. गरोदरपणात ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता त्याहून पुढची मजल आली आहे. रोग्याच्याच रक्तातून मूळ पेशी काढून, हे हिमोग्लोबिन बंद करणारी कळ कापून, त्या पेशी परत देण्याचा उपचार २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. आपल्या शेतकऱ्याने ती रक्कम कुठून आणावी? दिल्लीच्या जीनोमिक्स संस्थेत स्वस्त देशी उपचारासाठी संशोधन झाले आहे. जुळणाऱ्या सख्ख्या भावाबहिणीचा मगज देऊनही काही रोगी बरे होतात. पण हे सारे उपचार मोठ्या रुग्णालयातले आणि खर्चाचे. तपासणी मात्र आज आपल्या हातात आहे.

तुम्ही काय कराल?

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असा तिचा संकल्प आहे. गावातल्या आशाताईंना विचारा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पहिल्या साध्या चाचणीला रक्ताचे थेंबभर पुरतात. त्यात दोष दिसला तर वाहक की रोगी हे दुसऱ्या चाचणीने ठरते. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून खेड्यांसाठीच उभे आहे. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयात दाखवायला संकोच करू नका.

घरात रोगी असेल तर त्याला भरपूर पाणी पाजा. कडक ऊन, कडाक्याची थंडी आणि अतिश्रम यांपासून जपा. लसी चुकवू नका. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, पोटात डाव्या बाजूला एकाएकी सूज येणे किंवा हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आणि सोयरीक जमवताना? आपण पत्रिका पाहतो, घराणे पाहतो, शेत किती एकर आणि विहिरीला पाणी किती तेही विचारतो. त्यातच दोन्हीकडच्या रक्ताचा कागदही मागून घ्या. मुलाकडच्यांनी आपला कागद आधी पुढे ठेवावा, म्हणजे मुलीच्या बापाला मान खाली घालावी लागणार नाही. वाहक मुलीचे लग्न अडत नाही, फक्त जोडीदार निर्दोष रक्ताचा पाहावा. दोन वाहकांचे लग्न आधीच झाले असेल तर घाबरू नका. दिवस राहताच डॉक्टरांना सांगा. मोठ्या केंद्रांत सुरुवातीच्या महिन्यांतच गर्भाची तपासणी करता येते.

बियाणे पेरण्याआधी आपण मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतो. तेवढीच खबरदारी लेकरांसाठी घ्यायची आहे. येत्या लग्नसराईच्या आधी घरातल्या उपवर मुलामुलींना घेऊन आरोग्य केंद्रात एक चक्कर मारून या.