बोट ‘अडकली’ म्हणजे नेमके काय झाले?

मराठीत आपण ‘अडकले’ म्हणतो आणि मोकळे होतो. बस बंद पडली तरी प्रवासी अडकले, बोट रुतली तरी खलाशी अडकले. इंग्रजीत मात्र समुद्रावरच्या प्रत्येक अडचणीला वेगळा शब्द आहे. गोव्यात कितीतरी घरांतला एखादा तरी मुलगा तारवटी असतो, त्यामुळे हे शब्द आपल्याही कामाचे.

‘स्ट्रँड’ म्हणजे मुळात किनारा. लंडनचा स्ट्रँड हा रस्ता एकेकाळी थेम्सच्या अगदी काठावर होता. म्हणून ‘स्ट्रँडेड’ म्हणजे किनाऱ्याला लागून पडलेले. आपली कांदोळीची ‘रिव्हर प्रिन्सेस’ आठवा! २०००च्या पावसाळ्यात रुतली, ती तोडून हलवेपर्यंत २०१२ उजाडले. बोटीचा तळ नुसता टेकला तर ‘अग्राउंड’. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवी झालेली ‘एव्हर गिव्हन’ सहा दिवसांत सुटली. तिच्यावरचे २५ खलाशी भारतीय होते.

‘अड्रिफ्ट’मध्ये बोट तरंगत असते, पण तिच्यावर कुणाचा ताबा नसतो. २०११ साली ओमानजवळ खलाशांनी सोडलेली ‘पवित’ अरबी समुद्र ओलांडून ३१ जुलैला थेट जुहूच्या किनाऱ्याला लागली. म्हणजे आधी अड्रिफ्ट, मग स्ट्रँडेड.

‘मरून्ड’मध्ये मात्र माणसाचा हात असतो. पळून गेलेल्या गुलामांसाठीच्या एका स्पॅनिश शब्दावरून तो आला. (मरून रंगाचा याच्याशी संबंध नाही, तो फ्रेंच चेस्टनटचा.) पुढे एखाद्याला मुद्दाम ओसाड बेटावर उतरवून निघून जाणे, असा अर्थ रूढ झाला. १७०४ साली अलेक्झांडर सेलकर्कने ‘ही बोट बुडणार’ म्हणून कप्तानाशी भांडण काढले आणि कप्तानाने त्याला खरोखरच बेटावर सोडले. चार वर्षांहून अधिक काळ तो एकटा होता. रॉबिन्सन क्रूसोला मात्र कुणी सोडले नव्हते. त्याची बोट फुटली, म्हणून तो ‘कास्टअवे’.

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा शब्द ‘अबँडन्ड’. बातम्यांत बंदरात पगाराविना बसलेल्या खलाशांनाही ‘स्ट्रँडेड’ म्हणतात, आणि वाचणाऱ्याला वाटते, आज ना उद्या सुटतील. पण सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात ‘अबँडन्ड’ला ठरलेला अर्थ आहे. मालकाने किमान दोन महिने पगार थकवला, घरी परतण्याचा खर्च दिला नाही, किंवा अन्नपाणी, डिझेल पुरवणे बंद केले, यांतले एक जरी झाले तरी तो खलाशी अबँडन्ड ठरतो. मग विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि घरी येण्याचा खर्च मागता येतो. २०१७ पासून करारातल्या देशांच्या बोटींना हा विमा सक्तीचा आहे आणि त्याचे प्रमाणपत्र बोटीवर सर्वांना दिसेल असे लावावे लागते.

त्यामुळे फोनवर मुलगा ‘बोट अडकलीय’ म्हणाला, तर पहिल्यांदा विचारा: पगार किती महिन्यांचा थकलाय? आणि त्या प्रमाणपत्राचा फोटो मागवून घ्या.