क्रिप्टॉस : सातवा अल्बम, तोच खणखणाट

आमच्या करजगीहून सोलापूर जवळ, बंगळूर मात्र रात्रभराच्या प्रवासाचं. पण भारतातल्या हेवी मेटलची राजधानी तिकडेच! आयर्न मेडन या ब्रिटिश बँडनं मार्च 2007 मध्ये तिथलं पॅलेस ग्राउंड्स दणाणून सोडलं, तेव्हा तिथल्या क्रिप्टॉस बँडला जवळजवळ दहा वर्षं होत आली होती. स्थापना 1998ची.

पहिले चार अल्बम ऑलिंपिकच्या हिशेबानं आले : 2004, 2008, 2012, 2016. मग वेग वाढला : 2019, 2021 आणि जुलै 2024 मध्ये सातवा, ‘डेसिमेटर’. काढला जर्मनीच्या एएफएम रेकॉर्ड्सनं. जर्मनीतल्या वाकेन महोत्सवातही हा बँड 2013 मध्ये वाजवून आला आहे.

ऐकताना कान गिटारींकडे ठेवा. नोलन लुईस आणि रोहित चतुर्वेदी एकच धून दोन वेगवेगळ्या सुरांवरून जोडीनं नेतात. ही आयर्न मेडन, जुडास प्रीस्टची ऐंशीच्या दशकातली रीत. गाणं मात्र घासलेल्या, खरखरीत गळ्याचं, आणि गातो लुईसच. नव्याचा सोस नाही, अशी तक्रार करता येईल. मला तो हट्टच आवडतो.

मेटल कधीच न ऐकलेल्यांनी 2016च्या ‘बर्न अप द स्काय’पासून सुरुवात करावी. आवाज थोडा वाढवून.