सभेला गर्दी, पण यादीत नाव?

निवडणुकीची सभा पूर्वी आपण बायका गॅलरीत उभं राहूनच ऐकायचो. कर्ण्याचा आवाज घरात येतच असे! आता तसं राहिलं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेच्या वेळी आमच्या गावात सभा झाली, तेव्हा पुढची सगळी जागा तरुण मुलामुलींनी भरली होती. स्पर्धा परीक्षांच्या ज्या वर्गात मी अर्धवेळ मराठी शिकवते, तिथल्या आठ मुली त्यात होत्या. घोषणा देऊन देऊन घसे बसलेले. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडूच देईनात. "बाई, आता बदल झालाच पाहिजे!"

कसला बदल, विचारलं तर उत्तरं तयार. भरती वेळेवर निघावी, पेपर फुटू नयेत, क्लासहून परतताना रस्त्यावर दिवे असावेत. पुढाऱ्यांच्या तासाभराच्या भाषणापेक्षा मला हेच जास्त मुद्द्याचं वाटलं.

सहज विचारलं, "यादीत नाव आहे ना गं?" आठांपैकी तिघींचंच होतं! बाकीच्यांची समजूत अशी की, अठरा पूर्ण झाली, आधार कार्ड आहे, म्हणजे झालं. तसं नसतं. मतदार यादीत नाव लागतं, आणि उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरतं ते नव्याने घालता येत नाही. पोरींची तोंडं एवढीशी झाली.

घरी हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "आमची तर सोयच नव्हती." १९७७ सालच्या, आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. भावाबरोबर सभेला गेल्या. लोक झोळीत पैसे टाकत होते, यांनीही आठ आणे टाकले. मत मात्र टाकता आलं नाही, कारण तेव्हा वयाची अट एकवीसची होती. ती अठरावर आली १९८९ मध्ये, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने.

त्याही आधी, १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत तर सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. का, तर यादी करणाऱ्याला त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. कुणाची बायको म्हणून मत देता येत नाही, हे तेव्हाचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठामपणे धरलं. मला ते पटतं, जरी त्या वेळी कितीजणी हळहळल्या असतील!

तेव्हा घरात सतराची मुलगी असेल तर आत्ताच तिचा नमुना ६ भरून टाका. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण लागत. २०२२ पासून एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीखही धरतात.

आणि नव्या सुनेचं काय? माझ्या धाकट्या जावेचं नाव लग्नानंतर चार वर्षं माहेरच्याच यादीत होतं. रेशनकार्डावर मात्र महिन्याभरात चढवलं होतं हं! पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरायचा. घरबसल्या मोबाइलवरही भरता येतो, नाहीतर आपल्या भागातल्या बीएलओकडे द्यायचा. नवरा त्याच पत्त्यावर मतदार असला, तर पुराव्याला त्याच्या नावाचं वीजबिल चालतं.