नाव काय, वय किती, कोणी आणलं?

सकाळी आठला खिडकीची काच सरकते, तोवर रांग दारापर्यंत गेलेली असते. पुण्यातल्या एका ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयातली ही केस पेपरची खिडकी. एका खुर्चीवर पंधरा वर्षं हेच काम केलेल्या मॅडम बसल्या आहेत. त्यांच्या खांद्यामागे, स्टुलावर, बार्शीहून आलेली एक मुलगी. बी. कॉम. आणि एमएस-सीआयटी झालेली, मराठी-इंग्रजी टायपिंग येणारी. पहिला आठवडा कीबोर्डला हात लावायचा नाही, फक्त ऐकायचं, असं तिला सांगितलेलं आहे.

"वय किती, आजी?"

"काय की बाई. बहात्तरच्या दुष्काळात लगीन झालं."

मुलगी गोंधळते. मॅडम मात्र लगेच पुढचा प्रश्न टाकतात, "लग्नात केवढ्या होता? न्हाण आलं होतं का?" आजी सांगतात, मॅडम मनात वजाबाकी करतात आणि मग आधार कार्ड मागतात. आधारवर जन्मतारीख एक जानेवारी. ज्यांच्या जन्माची नोंदच नव्हती, अशा कित्येकांची तीच असते. कार्डावरचं वय आजींच्या हिशोबापेक्षा सात-आठ वर्षांनी कमी निघतं. संगणकात कार्डावरचं वय जातं, कारण योजना आणि विमा तेच धरतात. डॉक्टरांच्या कागदावर मात्र मॅडम वेगळं लिहितात, 'रुग्णाच्या सांगण्यावरून वय जास्त'. औषधाचा डोस ठरवणाऱ्याला हे कळायला हवं.

या कामाचं प्रशिक्षण इथून सुरू होतं. बाहेरून पाहणाऱ्याला ते कारकुनी वाटतं, आणि रुग्णालयं चालवणाऱ्या अनेकांनाही तसंच वाटतं. म्हणून तर कितीतरी ठिकाणी नव्या माणसाला दोन दिवसांत खिडकीवर बसवतात. ही चूक आहे. रुग्णाबद्दल रुग्णालयाने लिहिलेली पहिली ओळ या खिडकीवर लिहिली जाते आणि पुढचा प्रत्येक कागद तिच्यावर उभा राहतो.

नावाचंच घ्या. आधारवर 'लक्ष्मी', रेशन कार्डावर 'लक्ष्मीबाई', मुलाने काढलेल्या विम्याच्या पॉलिसीत नुसतं आडनाव आणि आद्याक्षर. एखादीचं बँकेत सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. घरात ही सगळी एकच बाई असते, पण संगणकाला त्या तिघी वाटतात. शिकणाऱ्याला म्हणून पहिला नियम पाठ करावा लागतो: नवा क्रमांक देण्याआधी जुना शोधायचा. नावाने शोधायचं, मग मोबाइलने, मग वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाने. यूएचआयडी, म्हणजे रुग्णालयातला कायमचा क्रमांक, एका माणसाला एकच हवा. दोन झाले की फायली दोन होतात. पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी पहिल्या फाइलीत लाल शाईने लिहिलेली असते आणि डॉक्टरांसमोर दुसरी फाइल असते. बार्शीच्या मुलीला हे उदाहरण पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. तिने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

केंद्र सरकारचा १४ अंकी 'आभा' क्रमांक हाच घोळ देशपातळीवर मिटवण्यासाठी आहे. हा क्रमांक ज्यातून मिळतो, ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं सप्टेंबर २०२१ मध्ये. पण तो क्रमांक जोडतानाही नाव जुळावं लागतं, आणि नाव जुळवणारं माणूस खिडकीवरच बसलेलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात मुलीला कॅज्युअल्टीच्या टेबलावर नेतात. इथे प्रश्नांचा क्रम उलटा होतो. आधी स्ट्रेचर आत जातं, डॉक्टर बघतात, आणि नाव-पत्ता-डिपॉझिट त्यानंतर. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे की, अपघातग्रस्ताचा जीव वाचवणं आधी, कायद्याच्या औपचारिकता मागून. टेबलावरच्या माणसाला हे नुसतं माहीत असून भागत नाही, अंगवळणी पडावं लागतं.

त्या टेबलावरच्या नोंदवहीत एक रकाना आहे: 'कोणी आणलं'. भाजलेली बाई, विषारी औषध प्यालेला शेतकरी, जिन्यावरून पडलेलं पोर, साप चावलेला मजूर. यातली कुठली केस पोलिसांना कळवायची, म्हणजे एमएलसी करायची, हे डॉक्टर ठरवतात. पण आणणाऱ्याचं नाव, नातं, फोन आणि आल्याची नेमकी वेळ टेबलावरचा माणूस टिपतो. सोबत आलेला सांगतो, "स्टोव्हचा भडका झाला." शिकाऊ मुलगी 'स्टोव्हच्या भडक्याने भाजली' असं लिहायला जाते आणि मॅडम तिचा हात धरतात. "भडका आपण पाहिला का? मग 'सोबत आलेल्या दिराच्या सांगण्यानुसार' असं लिही." वर्षभराने न्यायालयात हा कागद उघडला, तर या चार शब्दांनी फरक पडतो.

तिथेच ती आणखी एक गोष्ट शिकते: आवाज खाली ठेवणं. आपल्याकडे एक माणूस दाखल झाला की मागून दहा येतात, आणि प्रत्येक जण प्रेमानेच विचारतो, "नेमकं झालंय काय?" शेजारच्या काकांना ते सांगणं टेबलावरच्या माणसाचं काम नाही. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय ती माहिती उघड करता येत नाही. फाइलीवर कुणाला ओळखू येईल अशी खूण करणंही त्यामुळे चुकीचं.

सर्वांत अवघड धडा पैशांचा.

महाराष्ट्रातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. ही सोय असते, पण मागायची कशी हे दारात उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक नसतं. त्याच्या जोडीला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती सुरू झाली. जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशन कार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही कार्ड चालतं. योजनेचा आरोग्यमित्र रुग्णालयात बसलेला असतो. पण त्याच्या टेबलापर्यंत रुग्णाला पोचवायचं की "आधी पन्नास हजार भरा" म्हणायचं, हे पहिल्या खिडकीवरच्या दोन वाक्यांवर अवलंबून असतं. मुलीला शिकवलेलं पहिलं वाक्य असं: "रेशन कार्ड आहे का?" डिपॉझिटचा विषय त्यानंतर. हे वाक्य प्रत्येक रुग्णालयाच्या खिडकीवर चिकटवायला हवं.

खासगी विम्याचा रुग्ण असेल तर टीपीए डेस्क, म्हणजे विम्याच्या दाव्यांचं टेबल. डॉक्टर सकाळी दहाला "आज घरी" म्हणतात, आणि माणूस संध्याकाळी सहापर्यंत कपडे घालून खाटेवर बसून राहतो. का, ते कळावं म्हणून शिकणाऱ्यांना एक पूर्ण दिवस एकाच फाइलीच्या मागे चालायला लावतात. वॉर्डमध्ये सिस्टर उरलेली औषधं मोजून परत पाठवतात. एका रक्ततपासणीचा रिपोर्ट यायचा असतो. डिस्चार्ज समरी निवासी डॉक्टरांकडे, आणि ते शस्त्रक्रियेत. फाइल घेऊन वॉर्डबॉय मामा लिफ्टसाठी थांबलेले. बिल बनतं, विमा कंपनीकडे जातं, तिकडून क्वेरी येते: 'शस्त्रक्रियेच्या टिपणात डावा, समरीत उजवा'. फाइल परत वर. विमा नियामकाने २०२४ मध्ये डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीसाठी कंपन्यांना तीन तासांची मुदत घालून दिली. पण ते घड्याळ रुग्णालयाने मागणी पाठवल्यावर चालू होतं. आधी गेलेले चार-पाच तास रुग्णालयाच्या आतले असतात. ते वाचवायचे तर डावा-उजवा पहिल्यांदाच बरोबर लिहायला हवा.

तळमजल्यावर एमआरडी, म्हणजे अभिलेख विभाग. इथल्या रॅकवर फायली शेवटच्या दोन अंकांनी लावतात. क्रमांक ४८-२१-०७ असेल तर आधी ०७ चा कप्पा, त्यात २१, त्यात ४८. सरळ क्रमाने लावल्या असत्या, तर सगळ्या नव्या फायलींची गर्दी एकाच टोकाला झाली असती. या पद्धतीत त्या शंभर कप्प्यांत सारख्या वाटल्या जातात. मुलीला हे उलटं वाचन जमायला तीन दिवस लागले.

प्रत्येक फाइलीला आजाराचा जागतिक संकेतांक द्यायचा असतो. टाइप-२ मधुमेह ई ११. सर्पदंशाला दोन: विषासाठी टी ६३.० आणि साप चावल्याच्या घटनेसाठी एक्स २०. कोणत्या तालुक्यात किती साप चावतात, प्रतिविष कुठे जास्त ठेवायचं, याचा हिशोब अशाच नोंदींतून निघतो. मृत्यूच्या दाखल्याचा नमुना ४ इथूनच तपासून जातो. त्यात कारण म्हणून नुसतं 'हृदयक्रिया बंद पडली' लिहिलं असेल, तर तो परत पाठवायचा, कारण ती प्रत्येकाचीच बंद पडते. मुळात कशाने पडली, ते हवं. तेवीस वर्षांच्या मुलीने वरिष्ठ डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन "सर, हे पुन्हा लिहाल का?" म्हणायला धीर लागतो. अभ्यासक्रमात तो धीर कुठल्या प्रकरणात शिकवतात, हे कोणी सांगत नाही. ती गेली तेव्हा मॅडम दारात उभ्या राहिल्या होत्या.

या कामाचे रीतसर अभ्यासक्रम देशात आहेत. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात आणि पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये अभिलेख अधिकारी आणि तंत्रज्ञ यांचं शिक्षण होतं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने आरोग्य-माहिती व्यवस्थापनाला, क्लिनिकल कोडरपासून वैद्यकीय सचिवापर्यंत, स्वतंत्र व्यवसायाचा दर्जा दिला. तालुक्याच्या वीस खाटांच्या रुग्णालयात मात्र आजही शिकवणारं कोणी नसतं. तिथे खिडकीवर बसणाऱ्या मुलीला निदान महिनाभर मोठ्या रुग्णालयात स्टुलावर बसायला पाठवा. तो महिनाभराचा पगार वाया जाणार नाही.

आणि खिडकीच्या बाहेर उभ्या असलेल्यांसाठी: दाखल होताना केस पेपरवरचं नाव आणि वय स्वतः वाचून घ्या, अ‍ॅलर्जी असेल तर न विचारता सांगा, घरी निघताना समरी तिथेच तपासा. दाखल असतानाचे कागद तीन वर्षं जपणं आणि रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत त्याच्या प्रती देणं, हे २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनी डॉक्टरांवर बंधनकारक केलेलं आहे.