अक्षर येत नाही म्हणजे भाषा येत नाही?

तिगाव हे नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावरचं लहानसं स्टेशन. भोवतालच्या पांढुर्णा-सौसर पट्ट्यात एकाच शिवारात चार भाषा ऐकू येतात. बहुतेक घरांत वऱ्हाडी वळणाची मराठी, भोयर पवारांकडे पवारी, कापूस वेचायला नि संत्रा तोडायला आलेल्या आदिवासी कुटुंबांत गोंडी किंवा कोरकू. शाळेत मात्र बहुतेक ठिकाणी हिंदी. 1956 पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी-मराठी या दोन्ही राज्याच्या कारभारभाषा होत्या. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा भाग ज्यात होता तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, राजधानी भोपाळला गेली. पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तो अगदी अलीकडे, 2023 मध्ये.

इथल्या मुलांना कुणी निर्वासित म्हणणार नाही, म्हणूही नये. जीव मुठीत धरून सीमा ओलांडलेल्या मुलाचं दुःख निराळं. पण शाळा न पाहिलेल्या निर्वासित मुलांच्या भाषाशिक्षणावर गेल्या काही दशकांत जे काम झालं, त्यातली एक गोष्ट तिगावच्या वर्गातही जशीच्या तशी लागू पडते. कुठल्याच भाषेत वाचायला न शिकलेलं मूल परक्या भाषेच्या वर्गात बसतं, तेव्हा त्याच्यापुढं दोन कामं एकदम येतात. एक नवी भाषा, आणि दुसरं म्हणजे मुळात वाचणं. बघणाऱ्याला मात्र एकच दिसतं, ‘याला काही येत नाही’. बहुतेक गैरसमज इथूनच निघतात.

‘पोरं काय, खेळता खेळता भाषा उचलतात.’

उचलतात, पण कोणती? मैदानावरची, दुकानावरची, भांडणाची भाषा वर्षा-दोन वर्षांत येते. ‘बाष्पीभवन म्हणजे काय, कारणे द्या’ ही भाषा त्या वेगानं येत नाही. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या नोंदी तपासून हा फरक दाखवला. बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत जमते, पुस्तकी भाषेत वर्गातल्या इतरांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. आधी शाळाच झालेली नसेल तर त्याहून अधिक. त्यामुळे फडाफडा हिंदी बोलणारी मुलगी परीक्षेत मागं पडली की ‘बोलायला येतं, मग लिहायला का नाही, आळशीच आहे’ असा निकाल लागतो. तो निकाल चुकीचा आहे.

याच समजुतीचं दुसरं टोक म्हणजे ‘बारा-तेरा वर्षांचा झाला, आता काय शिकणार’. नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांवर स्नो आणि हुफनागेल-हुले यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत पुढं होती ती बारा ते पंधरा वयाची मुलं. तीन ते पाच वर्षांची सर्वांत मागं. उच्चारांची सफाई लहानपणी अधिक साधते हे खरं, पण वाक्यरचना, शब्दसाठा, अर्थ लावणं यांत मोठ्या मुलाची समज कामाला येते. अर्थात ती मोठी मुलं आधी आपल्या भाषेत शाळा शिकलेली होती, हे विसरून चालणार नाही.

‘अक्षर गिरवता येत नाही, म्हणजे डोकंच कमी.’

हा गैरसमज सगळ्यांत खोल गेलेला आहे, आणि यातली वस्तुस्थिती सर्वांत रंजकही. 1979 मध्ये जोसे मोराईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांना एक साधं काम दिलं. शब्दातला पहिला ध्वनी काढून टाका आणि उरलेलं बोला. त्यांना ते जवळजवळ जमलंच नाही. त्यांच्याच सारख्या परिस्थितीतल्या, पण मोठेपणी वाचायला शिकलेल्या लोकांना मात्र जमलं. शब्दाचे सुटे ध्वनी पाडणं ही वय वाढलं की आपोआप येणारी शक्ती नाही. ती वर्णमाला वाचण्यानं तयार होते. ज्यांना जमलं नाही तीच माणसं बाजारहाट, हिशेब, घरदार सगळं चोख सांभाळत होती.

आपल्याकडे याला एक वेगळी बाजू आहे. देवनागरीत एक खूण म्हणजे बहुधा एक पूर्ण अक्षर, व्यंजन अधिक स्वर. ‘क’ म्हणजे नुसतं ‘क्’ नव्हे. शब्दाचे असे अक्षरभर तुकडे पाडणं, ‘म-का’, ‘बा-ज-री’, निरक्षर माणसालाही फार जड जात नाही. अडतं ते पुढं, जोडाक्षरांशी, आणि ‘कि’मधली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची पण नंतर म्हणायची, अशा ठिकाणी. तिथं थांबणाऱ्या मुलाला मंद ठरवणं म्हणजे पोहायला न शिकवता पुरात उतरवून ‘हातपाय हलवत नाही’ म्हणणं.

वाचता न येण्याचा परिणाम बोलणं शिकण्यावरही होतो, हे मात्र पुष्कळ शिक्षकांना ठाऊक नसतं. अमेरिकेत मिनेसोटातल्या सोमाली निर्वासित तरुणांबरोबर एलेन टॅरोन आणि मार्था बिगेलो यांनी काम केलं. मूल चुकीचं वाक्य बोललं की आपण सहज दुरुस्त करून ते पुन्हा म्हणतो आणि त्याच्या कानावर पडलं असं धरून चालतो. ज्यांना वाचन बरं येत होतं, त्यांना ती दुरुस्ती अधिक अचूक म्हणून दाखवता येत होती. कमी साक्षर तरुणांना अर्थ कळत होता, पण वाक्याच्या बांधणीतला नेमका बदल हातातून निसटत होता. म्हणून ‘शंभरदा सांगितलं तरी तेच’ ही शिक्षकाची तक्रार खरी असू शकते, आणि तरी दोष मुलाचा नसतो. नुसतं कानावर सोडून भागत नाही. वस्तू दाखवणं, करून दाखवणं, वाक्याचे तुकडे हातात देणं लागतं.

‘घरची भाषा बंद करा, म्हणजे शाळेची लवकर येईल.’

हा सल्ला अनेक शिकलेले लोकही देतात. याला उत्तर म्हणून मला कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवतं. सोव्हिएत सत्तेनं 1940 मध्ये पोलंडमधून हद्दपार केलेली कुटुंबं सायबेरिया, मग इराण असा प्रवास करत 1943 मध्ये वळिवड्याच्या छावणीत आली. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बाया आणि मुलं. कित्येकांची शाळा मध्येच तुटलेली. त्यांनी तिथं आधी शाळा काढल्या, आणि त्या पोलिश भाषेच्या. छावणी 1948 मध्ये उठली. पुढं यातली पुष्कळ मुलं ब्रिटनमध्ये आणि इतरत्र गेली आणि तिथल्या भाषांत रुळली. पोलिशमध्ये शिकल्यानं त्यांची इंग्रजी बुडाली नाही. एकदा वाचन आलं की ते दुसऱ्या भाषेत सोबत येतं. ते पहिल्यांदा शिकायला समजणारी भाषा लागते.

आपल्या राज्यघटनेत हे ओळखणारं कलम आहे आणि त्याचं वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यात मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी, असं सांगणारं 350-अ हे कलम 1956 मध्येच आलं, म्हणजे ज्या वर्षी राज्यांच्या सीमा भाषेप्रमाणे आखल्या गेल्या त्याच वर्षी.

‘लिपी एकच, मराठी आणि हिंदी बहिणी. यात शिकण्यासारखं काय?’

मराठी घरातल्या मुलाला हिंदी सोपी जाते, नाकारायचं कारण नाही. पण सोपी म्हणजे आयती नव्हे. मराठीत घर आणि पुस्तक दोन्ही नपुंसकलिंगी, हिंदीत एक पुल्लिंगी, दुसरं स्त्रीलिंगी. आणि गोंडी बोलणाऱ्या मुलाला तर ही बहीण परकीच. गोंडी तेलुगू-कन्नडच्या द्राविड कुळातली, कोरकू मुंडा कुळातली. लिपी देवनागरी असली तरी तिच्यातून लिहिली जाणारी भाषा त्या मुलासाठी कोरी असते.

मग करायचं काय? पहिली चूक टाळायची. मोठ्या मुलाला पहिलीच्या बाकावर, बदकाच्या चित्रांच्या पुस्तकासमोर बसवायचं नाही. संत्र्याचा मृग बहार घ्यायचा असेल तर झाडाला ताण कधी द्यायचा, पाणी कधी तोडायचं, कॅरेट कसं भरायचं, हे बारा वर्षांची मुलगी नीट समजावते. तिनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत शिक्षकानं फळ्यावर लिहावं आणि तिनं ते वाचावं. काय लिहिलंय हे तिला आधीच ठाऊक असल्यानं तिचं सगळं लक्ष अक्षरांवर राहतं. मग त्याच मजकुराचं हिंदी करावं. गोंडी-कोरकूच्या बाबतीत ती भाषा जाणणारं कुणीतरी वर्गात हवं. ते गावातलं मोठं भावंड असलं तरी चालतं. कोसबादला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ गुरं राखणाऱ्या वारली मुलांमागं कुरणात शाळा घेऊन गेल्या, त्यातही मुलाला जे येतं तिथून सुरुवात करण्याचीच समज होती.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 4 सांगतं, कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. केंद्राच्या आदर्श नियमांत या प्रशिक्षणाची मुदत किमान तीन महिने, कमाल दोन वर्षं. पुस्तकी भाषेला पाच ते सात वर्षं लागत असतील, तर दोन वर्षांनंतर काय, याचं उत्तरही त्याच नियमांत आहे. नेहमीच्या वर्गात आल्यावरही शिक्षकानं अशा मुलाकडे विशेष लक्ष देत राहायचं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना जागा आहे, आणि तिसऱ्या वर्षी या मुलाचं काय चाललंय हे तिथं विचारता येतं.