खारीला किती, हरणाला किती? ठासणीच्या बंदुकीच्या नळीचं गणित

लोकलमध्ये नेटवर्क गेल्यामुळे ज्यांचा हा भाग अर्धवट राहिला, त्यांच्यासाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना जास्त आवडतं त्यांच्यासाठी, हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप. बोलता बोलता जे पसरट झालं होतं ते थोडं आवरून घेतलंय, बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात एका प्रश्नापासून. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या आपल्या एका श्रोत्याने व्हॉइस मेसेज पाठवला. त्याचे शेजारी दर वर्षी नाताळनंतर चकमकीच्या बंदुकीने हरणाच्या शिकारीला जातात. तिकडे त्यासाठी खास सीझन असतो, १९७४पासून. याने शिकारीचा सुरक्षा कोर्स केला, लायसन्स काढलं आणि आता स्वतःची बंदूक घ्यायची आहे. त्याचा प्रश्न असा: "दादा, शरद ऋतूत खारी आणि ससे, हिवाळ्यात हरीण. दोन्हीला चालेल अशी एकच नळी घ्यायची तर कॅलिबर किती घेऊ?"

प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर चुकलं, तर एक तर खारीचं मांस वाया जातं, नाहीतर हरीण जखमी होऊन रात्रभर जंगलात तडफडतं. म्हणून नीट समजून घेऊ.

आधी ही बंदूक म्हणजे काय?

कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. ठासणीची बंदूक! तोंडाकडून दारू ओतायची, वरून गोळी घालायची, गजाने ठासायची आणि मग बार काढायचा. आपल्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका आजही काही घरांत आहेत. पण त्या बहुतेक आतून गुळगुळीत नळीच्या, छर्रे मारायच्या. आणि आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा आजचं सगळं बोलणं अमेरिकेपुरतं. इथे कुणी प्रयोग करायला जाऊ नका.

अमेरिकेतली जी बंदूक आपण बघतोय, तिच्या नळीत आटे असतात, म्हणजे आतून वळत जाणाऱ्या खाचा. शिशाची गोल गोळी तेल किंवा चरबी लावलेल्या सुती चिंधीत गुंडाळून आत ढकलतात. चिंधी आट्यांत घट्ट बसते, गोळीला फिरकी देते आणि बाहेर पडल्यावर गळून पडते. फिरकीमुळे गोळी सरळ जाते. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी अशा लांब रायफली घडवायला सुरुवात केली. पुढे त्याच 'केंटकी रायफल' म्हणून प्रसिद्ध झाल्या.

कॅलिबर आणि बोअर

कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचात. .३२ म्हणजे इंचाचे बत्तीस शतांश, साधारण ८ मिलिमीटर. .५० म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर.

'बारा बोअर' हा शब्द तर तुम्ही ऐकलाच असेल. त्याचा अर्थ गमतीशीर आहे. एक पौंड शिशातून सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणजे बोअर जितका मोठा, तितकी नळी बारीक. जुन्या लोकांना इंचापेक्षा हा हिशोब जवळचा होता, कारण शिसं विकत घ्यावं लागे आणि पाठीवर वाहून न्यावं लागे.

हाच हिशोब आज आपल्याला लावायचाय. चिंधीला जागा हवी म्हणून गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. वजन मोजतात ग्रेनमध्ये. सोनाराच्या एका गुंजेत साधारण दोन ग्रेन बसतात. आता आकडे बघा:

- .३२ ची गोळी: सुमारे ४५ ग्रेन (३ ग्रॅमच्या आत)
- .३६ ची: सुमारे ६५ ग्रेन
- .४० ची: सुमारे ९२ ग्रेन
- .४५ ची: सुमारे १२८ ग्रेन
- .५० ची: सुमारे १७७ ग्रेन (साडेअकरा ग्रॅम)
- .५४ ची: सुमारे २२४ ग्रेन

लक्षात आलं? .३२ वरून .५० वर गेलो तर व्यास दीडपटीच्या आसपास वाढला, पण वजन चौपट झालं. कारण गोळ्याचं वजन व्यासाच्या घनाने वाढतं. दहावीच्या पुस्तकातलं घनफळाचं सूत्र आठवा. एक पौंड शिशात .३२ च्या दीडशेहून जास्त गोळ्या होतात, .५० च्या जेमतेम चाळीस.

खारीसाठी

अमेरिकेतली राखाडी खार आपल्या अंगणातल्या खारीपेक्षा बरीच मोठी, अर्धा किलोच्या आसपास. लोक ती खातात, रस्सा करतात. तिच्यावर .५० ची गोळी अंगात बसली तर शिजवायला काही उरत नाही. म्हणून .३२ आणि .३६ या खास 'खारीच्या रायफली'. दारूही थोडी, १५-२० ग्रेन पुरते. आवाज कमी, धक्का जवळपास नाहीच, खर्च कमी. नेम मात्र डोक्यावरच धरायचा.

खारीच्या थेट अंगावर नेम न धरता ती बसलेल्या फांदीच्या सालीवर मारायची जुनी पद्धतही होती. साल फुटते आणि त्या तडाख्याने खार खाली पडते. डॅनियल बूनला असं करताना आपण पाहिलं, असं पक्षिचित्रकार ऑड्युबनने लिहून ठेवलंय.

बारीक नळीचे तोटेही आहेत. काळ्या दारूची काजळी नळीत साचते आणि बारीक नळी लवकर चोंदते. काही बारांनंतर ओल्या चिंधीने पुसावी लागते. शिवाय गज जवळपास पेन्सिलीइतका बारीक असतो. घाईत तिरका दाबला की मोडला.

हरणासाठी

पांढऱ्या शेपटीचं हरीण म्हणजे ५० ते ९० किलोचं जनावर. गोळीने छातीत आरपार किंवा निदान खोलवर जायला हवं, तर ते पटकन मरतं. गोल गोळी हवेत फार लवकर मंदावते. १०० यार्डांवर पोहोचेपर्यंत तिची निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते. मग आत घुसायला उरतं काय? वजन. म्हणून हरणासाठी जड गोळी लागते.

.४५ ने हरीण नीट पडतं, पण अंतर ५०-६० यार्डांच्या आत ठेवलं तर. .५० ला जरा मोकळीक मिळते. .५४ तर एल्कसारख्या मोठ्या जनावरांसाठीही वापरतात. एकोणिसाव्या शतकात लोक पश्चिमेकडच्या मैदानांत गेले, गवे आणि अस्वलं समोर आली, तेव्हा सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंच्या रायफली .५० आणि त्याहून मोठ्या झाल्या, त्या याच कारणाने.

आणि हे विसरू नका: संधी एकच. बार झाला की समोर धूर. पुन्हा ठासायला सराईत माणसालाही अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात जखमी हरीण दोन टेकड्या ओलांडून जातं.

मग मधलं काहीतरी घेऊ का?

आपल्या श्रोत्याच्या मनात हेच होतं. .४० किंवा .४५ घ्यायची, खारीला दारू कमी, हरणाला जास्त. झालं काम!

इथेच खरी गोम आहे. दारू कमी-जास्त करता येते, गोळीचं वजन नाही. नळी एकदा ठरली की गोळी ठरली. दारू दुप्पट केली तरी ९२ ग्रेनची गोळी १७७ ग्रेनची होत नाही. ती सुरुवातीला वेगात निघते, पण हलकी असल्यामुळे वेग लवकर गमावते आणि हरणापर्यंत पोहोचेपर्यंत फायदा बराचसा संपलेला असतो. उलट बाजूने थोडं जमतं. .४५ मध्ये दारू कमी करून डोक्यावर नेम धरला, तर खार खाण्याजोगी राहते. पण दारू बदलली की गोळी लागण्याची जागाही बदलते, म्हणून दोन्ही मापांनी कागदावर वेगवेगळा सराव करावा लागतो.

म्हणजे तडजोड करायचीच तर ती मोठ्या जनावराच्या बाजूने करा. लहान जनावरासाठी मोठी नळी वापरली तर फार तर मांस वाया जातं. मोठ्यासाठी लहान वापरली तर जीव तडफडतो.

आणि आता कायदा

आपल्या श्रोत्याच्या बाबतीत हा वाद कायद्यानेच मिटवलाय! पेनसिल्व्हेनियात चकमकीच्या सीझनमध्ये हरणासाठी नळी .४४ किंवा त्याहून मोठी हवी. आणि खारी-सशांसाठी एक गोळी मारणारी ठासणीची रायफल .४० किंवा त्याहून लहान हवी. दोन्हींत बसेल असा आकडाच नाही! दुसऱ्या राज्यात गणित वेगळं. कोलोरॅडोत हरणाला किमान .४० चालते, एल्कला .५० लागते. म्हणून खरेदीच्या आधी आपल्या राज्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचायचीच. शेजारी म्हणाले, दुकानदार म्हणाला, यावर जायचं नाही. आणि व्हिसावर असाल तर बंदुकीबाबत तुम्हाला कोणते नियम लागू होतात, ते आधीच विचारून घ्या.

तर मग घ्यायचं काय?

एक लाकूड, दोन नळ्या. बऱ्याच हॉकेन धाटणीच्या रायफलींमध्ये नळी मागच्या बाजूला आकड्याने अडकवलेली असते. खालची पाचर काढली की नळी उचलून येते. दुसरी अडकवायची, बस्स. खारीसाठी .३२ किंवा .३६, हरणासाठी .५०. फक्त दुसरी नळी त्याच बनावटीच्या लाकडात बसते ना, हे आधी बघा. चकमकीच्या सीझनसाठी घेताय, तेव्हा घोडा टोपीचा नको, चकमकीचाच हवा.

.५० घेताना अजून एक गोष्ट विचारा: आट्यांचा पीळ किती? गोल गोळीला सावकाश पीळ लागतो, ४८ इंचांत किंवा ६६ इंचांत एक फेरा. २८ इंचांत एक फेरा असेल तर ती नळी लांबट गोळ्यांसाठी आहे. आकडा तोच .५०, पण काम वेगळं. पहिल्यांदा घेणारे इथे हमखास फसतात.

दोन नळ्यांचं बजेट नसेल तर? हरणाची आधी घ्या. खारी पुढच्या वर्षी.

जाता जाता सुरक्षेचं. या बंदुकीत फक्त काळी दारू किंवा तिच्यासाठीच बनवलेला पर्याय. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू चुकूनही नाही, नळी फुटते. माप बनवणाऱ्याच्या पुस्तिकेतलं, अंदाजपंचे नाही. आणि गोळी दारूवर नीट टेकेपर्यंत ठासायची. मध्ये पोकळी राहिली तर तेही धोक्याचं.

श्रोत्याला हे सगळं कळवलं तेव्हा त्याचा एका ओळीचा मेसेज आला: "म्हणजे आधी पन्नास, आणि साठ यार्डांपलीकडे नाही." मित्रा, एकदम बरोबर. नळीचं माप दुकानात ठरतं, अंतराचं माप तुझ्या हातात राहतं.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात भेटू!