राबाचा धूर आणि आकाशांतील डोळा

कोंकणांतील भातकऱ्यास राब नवा नाहीं. पावसाळ्यापूर्वीं दाढीच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत व फांद्या पसरून जाळावयाच्या. त्या उष्णतेनें तणाचें बीं मरतें व राखेंतून पालाश मिळतें. याच दिवसांत पारसिक डोंगराच्या वाळल्या गवतासहि वणवे लागतात. डोंगराच्या पश्चिम पायथ्याच्या महापे गांवीं आतां कारखान्यांचा व मोटारींचाहि धूर आहे. हल्लीं धुराचा दोष ठरवितांना उपग्रहांच्या चित्रांचा आधार घेतात. म्हणून त्यांत काय दिसतें व काय दिसत नाहीं, हें शेतकऱ्यानें जाणणें अगत्याचें आहे.

आग व धूर उपग्रहास निरनिराळ्या रीतीनें दिसतात. आग ओळखतात ती तिच्या उष्णतेच्या अदृश्य किरणांवरून. अमेरिकेनें २०११ सालीं सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावरील यंत्र जमिनीचे सुमारें ३७५ मीटर लांबीरुंदीचे चौकोन पाहतें. असा एक चौकोन सुमारें ३५ एकरांचा होतो. त्यांतील लहान पण प्रखर आग कळते; कांहीं गुंठ्यांचा धुमसता राब मात्र पुष्कळदां निसटतो. शिवाय नकाशावरील ठिपका चौकोनाचा मध्य दाखवितो, जळालेलें शेत नव्हे. हा उपग्रह दुपारीं व रात्रीं दीडच्या सुमारास वरून जातो. सायंकाळीं पेटून विझलेली आग त्याच्या नोंदींत येत नाहीं. भारताचा २०२४ सालीं सोडलेला इन्सॅट-३डीएस सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरून आपल्याकडे सतत पाहतो. पण उष्णतेच्या चित्रांत त्याचा चौकोन सुमारें ४ किलोमीटरांचा असतो.

धूर कळतो तो त्याच्या कणांनीं विखुरलेल्या सूर्यप्रकाशावरून. काळसर समुद्रावर तो स्पष्ट उमटतो, उजळ कोरड्या जमिनीवर अस्पष्ट. ढगांखालीं तर दिसतच नाहीं. उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेंतील सगळे कण एकत्र मोजतो. ते आपल्या नाकाशीं किती, हें जमिनीवरील यंत्रच सांगतें. राख, वाहनें व कारखाने यांचे कण एकदां मिसळले कीं, कोणता कोणाचा हें चित्रावरून निवडतां येत नाहीं. त्यासाठीं वाऱ्याची दिशा जोडून पाहावी लागते. उन्हाळ्यांत दुपारचा खारा वारा महाप्याचा धूर डोंगरापलीकडे पूर्वेस नेतो. पंजाबांतील भाताचे खुंट ऑक्टोबर-नोव्हेंबरांत जळतात, तेव्हां वायव्येचा वारा तो धूर दिल्लीकडे लोटतो. तेथें हजारों आगी एकाच हंगामांत लागत असल्यानें पट्टा ठळक दिसतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. ठिपका नाहीं म्हणून आपला धूर निरुपद्रवी, असें समजूं नये. आणि ठिपका आहे म्हणून अमुक शेतकरीच दोषी, असेंहि कोणीं ठरवूं नये. राब जाळणाऱ्यानें दिवस, वेळ व वारा यांची नोंद ठेवावी. वाद पडल्यास ती उपयोगी येईल. त्याहून बरें म्हणजे थोडें क्षेत्र राबाविना गादीवाफ्यावर करून पाहावें. शेण व पाला जाळतां राख उरते, पण त्यांतील नत्र बहुतेक धुराबरोबर उडून जातें. तें आपल्याच शेताचें धन होय.